पंचविसांपैकी किती

चेकरबाईंनी कपाटातून मोठी फूटपट्टी ओढली तशी तिच्यावर ठेवलेली जाड कागदांची चळतही पुढे सरकली. ती खाली पडणार तोच त्यांनी पोटाशी धरली. कागद पिवळसर, गुळगुळीत, कडेने सोनेरी वेलबुट्टी. वरच्याच कागदावर त्यांच्या धाकट्या जावेचे नाव होते. तिने 'नकाशावाचन' हा दहा तासांचा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हे प्रमाणपत्र देण्यात येत आहे, असे त्यावर छापले होते. खाली दोन सह्या, एक शिक्का आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख.

आज चौथा तास होता.

फूटपट्टी कपाटाला टेकवून त्यांनी चळत खिडकीशी नेली आणि एकेक कागद उलटत गेल्या. वाचनालयाच्या माडीवर ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या या वर्गात बावीस जणांनी नाव घातले होते, आणि बावीसही कागद हजर होते. वर्गातले एक निवृत्त पोस्टमन पहिल्या तासाला आले, पंख्याचा वारा मानेवर लागतो अशी तक्रार करून गेले ते पुन्हा फिरकले नव्हते. त्यांनीही अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला होता. सोळावा कागद चेकरबाईंचा स्वतःचा निघाला. त्यांनी तो उजेडात धरला, मागूनपुढून पाहिला. नावात एकही चूक नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

शर्टांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे माल तपासला होता. कॉलर, कफ, बटणपट्टी, खांद्याची शिलाई, याच क्रमाने. हाताखालून गेल्याशिवाय एक शर्ट पेटीत पडला नाही. वर्गातली एक बाई पूर्वी त्याच कारखान्यात काजे करायला होती. तिने पहिल्याच दिवशी "आमच्या चेकरबाई" अशी ओळख करून दिली आणि तेच नाव चिकटले. न तपासता पेटीत भरलेल्या मालाबद्दल त्यांचे काय मत होते, हे त्या कारखान्यातल्या कोणालाही विचारावे.

आपला कागद तेवढा घेऊन त्या खाली व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. धाकटी जाऊ जिन्यातच भेटली. हातात काय आहे ते पाहून तिचा चेहरा उजळला.

"अय्या, आले पण? माझं कुठंय?"

"कपाटात. पुढच्या महिन्यात पास होणार आहेस तू."

"मग चांगलंच की, ताई. अभ्यासाचा जाच तरी नाही."

"तुला कशाचाच जाच नसतो," चेकरबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

व्यवस्थापक मवाळ मनुष्य होता. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी विचारले. कागद पाहून जीभ चावली आणि कपाटाला कुलूप घालायला सांगितले होते, असे पुटपुटला. जणू कुलूप राहून गेले हीच काय ती चूक.

"त्याचं असं आहे, काकू," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी एक काका होते वर्गात. फार हौशी. नवव्या आठवड्यात गेले बिचारे. त्यांच्या मिसेस आल्या होत्या इथं, रडल्या. म्हणाल्या, एवढं मनापासून करत होते, काहीतरी हवं होतं हो आठवण म्हणून. तेव्हापासून आम्ही आधीच छापून ठेवतो. वयच असं असतं ना, कोण कुठल्या आठवड्यात..."

त्याने वाक्य अर्ध्यावर सोडले आणि टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली.

"म्हणजे मेलं तरी पास," चेकरबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो."

"मग कसं?"

"काकू, इथं ताण नको, आनंद हवा, असं आमचं धोरण आहे. परीक्षा-बिरीक्षा कशाला या वयात?"

"मला विचारलंत?"

त्याने विचारले नव्हते. कोणीच विचारले नव्हते. चेकरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत, कारण ओरडणाऱ्या म्हातारीला माणसे पाणी प्यायला देतात आणि पाणी त्याने आधीच पुढे करून ठेवले होते. त्यांनी कागद त्याच्या टेबलावर पालथा घातला आणि उठल्या.

असा कागद त्यांना पूर्वी एकदा मिळाला होता. चौथीच्या निकालपत्रकावर मास्तरांनी गुणांच्या रकान्यात काहीच न लिहिता आडवे लिहिले होते, 'वर चढवली'. घरात पाठोपाठची भावंडे होती, आई आजारी होती, पोरगी जूनपासून येणार नाही हे मास्तरांना ठाऊक होते. मग तिचे पेपर तपासण्यात वेळ कोण घालवणार? वडील खूश झाले. शेजारी सांगत सुटले की आमची चौथी पास. तिने मात्र मास्तरांना गाठून विचारले होते, गणितात किती पडले? मास्तर हसले. तुला काय करायचंय, म्हणाले. हसण्यात दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच ते हसणे साठ वर्षे गेले नव्हते. गणिताचा तो पेपर बरोबर होता की चूक, हे जगात कोणालाच माहीत नव्हते.

वर्ग घेणाऱ्या मॅडम कॉलेजात भूगोल शिकवत. वयाने चेकरबाईंच्या धाकट्या मुलीएवढ्या. शिकवणे उत्तम, आवाज खणखणीत. पण सगळ्यांना आजी आणि आजोबा म्हणत आणि वह्या परत देताना प्रत्येकीवर लाल शाईने 'छान!' लिहीत. चेकरबाईंनी एकदा आपली वही धाकटीच्या वहीशेजारी ठेवून पाहिली होती. धाकटीने नकाशा उलटा धरून गावाच्या पश्चिमेची नदी पूर्वेला नेली होती. तिलाही 'छान!'. सब घोडे बारा टक्के.

पाचवा तास संपल्यावर त्या मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझी परीक्षा घ्या."

"अहो आजी, तुम्ही किती छान करताय."

"ते तुम्ही सगळ्यांनाच म्हणता. तुमच्या कॉलेजातल्या पोरांना देता तो पेपर द्या मला. सोपा करू नका."

मॅडम हसल्या. समोरचा चेहरा हसत नाही असे पाहून त्यांनी पर्सची चेन उगाच उघडली, पुन्हा लावली.

"तो अवघड असतो हो. पंचवीस गुणांचा, एक तास. पास व्हायला दहा लागतात."

"पोरांना किती पडतात?"

"निम्मी नापास होतात."

"मग द्या," चेकरबाई म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी तास संपल्यावर बाकीचे चहाला खाली गेले. धाकटी मात्र दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. ताईंचे डोके फिरले आहे हे तिने घरी सगळ्यांना सांगून ठेवले होते, पण ताईंना सोडून चहाला जाणे तिला जमले नाही. आत चेकरबाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पेपर पुढे ओढला.

पेपर खरोखरच अवघड होता. पहिल्या दोन प्रश्नांत प्रमाण आणि दिशा; ते जमले. तिसऱ्यात दोन टेकड्यांमधून रस्ता काढायचा होता, अर्धा जमला. चौथ्यात एक गाव दाखवले होते आणि पाण्याची टाकी कुठे बांधाल म्हणजे पंप न लावता गावात पाणी येईल, ते फुलीने दाखवा, असे विचारले होते. गोलात गोल, गोलात गोल अशा उंचीच्या रेषा एका जागी दाटल्या होत्या. चेकरबाईंनी त्यांच्या मधोमध फुली मारली. पाचवा, शेवटचा, अकरा गुणांचा प्रश्न वाचून होईतो तास संपला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बोटे आखडली होती. इतकी भीती त्यांना कारखान्यातल्या मोठ्या साहेबासमोरही कधी वाटली नव्हती.

"इथंच तपासा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

मॅडमनी लाल पेन काढले. पहिल्याला बरोबर, दुसऱ्याला बरोबर, तिसऱ्याला अर्धे. चौथ्यावर पेन आले आणि थांबले. थांबले म्हणजे किती, एक श्वास घ्यावा एवढे. मग त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढे चार लिहिले.

तो थांबलेला हात चेकरबाईंना चांगला ओळखीचा होता. सुट्टीची वेळ जवळ आली की नव्या पोरींचे हात असे थांबत. टाका सुटलेला दिसायचा, क्षणभर मन खायचे, आणि शर्ट पेटीत जायचा. त्यांनी मान पुढे काढून पेपर उलट्या बाजूने वाचला. रेषा नव्हे, आता रेषांवरचे बारीक आकडे वाचले. गावापाशी चारशे साठ. पहिल्या गोलावर चारशे चाळीस, आतल्यावर चारशे वीस, त्याच्या आत चारशे. गोल आतल्या आत उतरत गेले होते. ती टेकडी नव्हतीच. तो खड्डा होता, आणि त्यांनी गावाची टाकी खड्ड्यात बांधली होती.

मॅडम बेरीज करत होत्या. "बारा. बघा आजी, पास झालात."

"चौथा पुन्हा बघा."

"बघितलाय."

"बघितलात म्हणूनच म्हणते."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेनला टोपण लावले.

"सोडा ना. चार गुणांनी असं काय होणारय?"

"गावात पाणी येणार नाही," चेकरबाई म्हणाल्या.

खाली कपबशा वाजत होत्या. मॅडम खिडकीकडे पाहत राहिल्या. आपल्याला वाईट वाटते आहे की आपली चोरी पकडली गेली आहे, हे त्यांचे त्यांनाही कळले नसावे.

"तुम्हीसुद्धा मला वर चढवताय," चेकरबाई म्हणाल्या. आवाज कापला, त्याची त्यांना लाज वाटली आणि लाजेने राग आणखी वाढला. "कशासाठी? मी लवकर मरणार म्हणून? पोरांची टाकी खड्ड्यात असती तर दिले असते चार?"

"नसते दिले."

"मग?"

मॅडमनी टोपण काढले. खूण खोडली, चाराचा शून्य केला, बारा खोडून आठ लिहिले आणि आठाभोवती गोल काढला. गोल काढता काढता त्यांची नजर पुन्हा त्या फुलीवर गेली, आणि त्या एकदम चिडल्या. अगदी मनापासून.

"आकडे का नाही वाचलेत? दुसऱ्या तासाला मी फक्त हेच घेतलं होतं. टेकडी आणि खड्डा, दोन्ही फळ्यावर काढून दाखवले. आकडे वाचल्याशिवाय रेषेला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगितलं. लक्ष कुठं होतं तुमचं?"

चेकरबाई पदराने चष्म्याची काच पुसू लागल्या.

"विचारतेय मी. बोलत होतात ना शेजारी?"

"जाऊ बोलत होती."

"मग जागा बदला. आणि पाचवा प्रश्न कोरा? पहिल्या दोनांतच अर्धा तास घालवलात तुम्ही, मी बघत होते. असं नाही चालत. शुक्रवारी अर्धा तास लवकर यायचं, मी खड्ड्यांचे दहा नकाशे देणार आहे. सगळे सोडवायचे."

"येते," चेकरबाई म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली होती. "चुकलं, मॅडम."

पेपर घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा धाकटी बाकावरून उठलीच.

"झालीस ना पास?"

"नापास. पंचविसांपैकी आठ."

"बाई गं." धाकटीने त्यांचा दंड धरला. आतून मॅडमचा चढलेला आवाज तिने ऐकला होता. "आणि वरून बोलली पण तुला? थांब, मी विचारते तिला. एवढ्या मोठ्या माणसाशी असं..."

"खबरदार."

चेकरबाई बाकावर टेकल्या. पेपर मांडीवर पसरून पहिल्यापासून पुन्हा बघू लागल्या, बोट ठेवून, एकेक लाल खूण. प्रमाणाचे तीन. दिशांचे तीन. रस्त्याचे दोन. चौथ्यावर आल्यावर त्यांनी जिभेने च्यक् केले आणि स्वतःलाच एक शिवी दिली. धाकटीही शेजारी बसली. तिने तो पेपर आधी तिरका, मग सरळ करून पाहिला. गाव सापडले, खड्डा सापडला, मग गावापासून खड्ड्यापर्यंत तिचेही बोट हळूहळू सरकत गेले.

चहा-गप्पा आटोपून माणसे वर राहिलेल्या पिशव्या न्यायला जिना चढू लागली. त्यांचे बोलणे जवळ यायच्या आत तिने आवाज खाली आणून विचारले,

"ताई, मला किती पडले असते गं?"