सेकंदाचा काटा

मनकर्णाने सुंदरबाईची नाडी तिसऱ्यांदा मोजली, तेव्हाही आकडा तोच आला. एकशे पन्नास. तिने बाळंतिणीचा हात चादरीखाली सारला आणि बाहेर डॉक्टरांकडे गेली. ते नुकतेच जेवण आटोपून हात पुसत होते.

"साहेब, सुंदरबाईची नाडी दीडशे आहे."

"तुमचे आकडे नेहमीच चढे असतात, बाई," डॉक्टर हसले. "परवा त्या म्हातारीची एकशे वीस सांगितली तुम्ही. मी मोजली तर शंभर. सुंदरबाई थकली आहे, झोपू द्या तिला."

मनकर्णा परत खाटेपाशी येऊन बसली. मंगरूळपीरच्या त्या लहानशा खाजगी दवाखान्यात ती एकटीच शिकलेली नर्स होती, आणि डॉक्टरांचा शब्द खाली पाडायची तिला सवय नव्हती. पण तासाभराने सुंदरबाईचे ओठ पांढरे पडले, कपाळाला गार घाम फुटला. या खेपेला मनकर्णा पळतच गेली. रक्त आतल्या आत साठत होतं. डॉक्टरांनी दोन तास झुंज दिली, तेव्हा कुठे बाई वाचली.

हात धुऊन झाल्यावर डॉक्टरांनी आपलं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"तुमचं काढा बघू."

दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून दोघं बघत राहिले. तास-मिनिटांत तसूभर फरक नव्हता. मात्र मनकर्णाच्या घड्याळातला सेकंदाचा बारका काटा चाळिसापाशी आला की तबकडीला अडायचा, डॉक्टरांचा काटा दहा घरं पुढे गेला की मग झटक्यासरशी सुटून तिथूनच पुढे चालायचा. तिचं मिनिट सत्तर सेकंदांचं होतं. चार महिने ती सत्तर सेकंदांचे ठोके मोजत होती.

चुकलं आपलंही, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन ती कारंज्याला गेली. बाजारात लखीराम घड्याळजीचं फळीचं दुकान होतं. त्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळाची पाठ उघडली, क्षणभर पाहिलं आणि खणातून दुसरं एक घड्याळ काढलं. तिचं सोनेरी मुलाम्याचं, उन्हात चमकणारं. हे पांढऱ्या पोलादाचं, साधं.

"आदी कानाले लावा, बाई. एकेक."

तिने लावली. तिच्या घड्याळाचा आवाज खडबडीत होता, मधूनच अडखळणारा. दुसऱ्याचा बारीक, एकसारखा.

"आता हे पाहा." त्याने पोलादी घड्याळाचीही पाठ उघडून भिंग तिच्या हाती दिलं. चाकांच्या टोकांशी लाल खडे बसवलेले दिसत होते, ज्वारीच्या कणीएवढे. "पंधरा खडे हायेत. चाक झिजत नाही. तुमच्या घडीत एकबी खडा नाही. पितळंत भोक पाडून चाक बसवलं. काटा मी बसवून देतो, पन महिन्याभरात ढिला होईन. बाहेरून पाहाल तं तुमचीच भारी वाटते, नाही?"

"मोल काय असंल माह्या घडीचं?"

"सहा रुपये. सातच्या वर कोनी मागत असंल तं लुटून राह्यला."

"आमी बावीस देल्ले," मनकर्णा म्हणाली. "माह्या भावानं अकोल्याहून आनली."

लखीरामने भिंग काढलं. "मंग भावाले फसवलं कोनीतरी."

दुकानाची पायरी उतरताना तिला स्वतःपेक्षा दादाचंच वाईट वाटत होतं. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली, आणि नागपूरला सुईणपण शिकायला जाते म्हणाली, तेव्हा भावकी दारात येऊन बसली होती. तिचा दादा मारोतराव एकटा उभा राहिला. "माही बहीन शिकंल," एवढंच तो म्हणाला आणि तिची पेटी डोक्यावर घेऊन मोटारीपर्यंत चालला. म्हणून तर वर्षभर पगारातून बाजूला टाकलेले पैसे तिने डोळे मिटून त्याच्या हाती दिले होते. "चांगली घडी पाहून आन दादा, तुले समजते त्यातलं." आता त्या अकोल्याच्या दुकानदाराला गाठायचं तर दादाला लवकर सांगायला हवं होतं. ती मंगरूळला परतली नाही. माहेरच्या, किन्हीराजाच्या मोटारीत बसली.

मारोतराव वावरात गेला होता. सोजरबाईने नणंदेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"इतल्या उन्हाची काहून आली वं?"

"वयनी, दादाले अकोल्यात फसवलं. सहाची घडी बावीसले देल्ली."

सोजरबाई तोंडाला पदर लावून हसली. "तेले कोन फसवते! थांब, तेची घडी दाखवतो तुले. त्याच दुकानातली हाय, त्याच दिवशी घेतली. तेनंच सांगतलं मले, बावीसची हाय म्हनून. चार महिने झाले, एक मिनिट मांगं नाही का पुढं नाही."

तिने आतून फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ आणलं. पोलादी होतं, साधं. तबकडीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. मनकर्णाने ती वाचली, पंधरा खडे, मग घड्याळ कानाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"वयनी, तवा दादानं घरातून किती नेले व्हते?"

"कायचे? सहा-सात रुपये असतीन. काहून?"

मनकर्णाने हातातलं सोनेरी घड्याळ काढून बाजेवर ठेवलं. शेजारी पोलादी ठेवलं.

मारोतराव आला तो मोठ्याने "मना आली का!" म्हणतच. ओसरीवर चढता चढता त्याची नजर बाजेवर गेली. त्याने डोक्याचं पागोटं काढलं आणि ते हातातच धरून उभा राहिला.

"सेकंदाचा काटा अडते हिचा, दादा."

"टाइम तं बरोबर दाखवते ना?"

"मले टाइम नाही पाहा लागत. नाडी मोजा लागते. काल एक बाई मरता मरता वाचली."

तो खाली बसला. सोजरबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे पाहू लागली.

"मले वाटलं, तुले हातात दिसायले पायजे," तो हळू म्हणाला. "म्हनून सोनेरी पायली. चांगली शोभंल अशी. माहं चारचौघात उठनं-बसनं, बजारात जानते लोक घडी पारखतेत... तू तिथं खरंच काही मोजत असशीन, हे माह्या डोक्यातच नाही आलं, मना."

तो खोटं बोलत नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तिला कळलं. तो खोटं बोलला असता, काही बहाणा केला असता, तर कदाचित ती त्याच्याशी भांडली असती.

"मंग नागपूरले कायले धाडलं व्हतं मले?"

"घरात रडत बसू नये म्हनून," मारोतराव म्हणाला. "जीव रमावा तुहा."

मनकर्णाने पोलादी घड्याळ उचलून डाव्या मनगटावर घातलं. पट्टा सैल पडला. भावाचं मनगट रुंद होतं.

"वयनी, दाभण असंल तं दे."

सोजरबाईने दाभण आणून दिलं. मनकर्णाने पट्टा मांडीवर ताणला आणि शेवटच्या भोकाच्या दोन बोटं आत दाभण रोवलं. कातडं जाड होतं. तिने घाई केली नाही. टोक पलीकडे निघाल्यावर ते दोनदा फिरवलं, फुंकर मारली आणि घड्याळ बांधलं.

"अवो, तेची घडी काहून नेऊन राह्यली ते?" सोजरबाईने नवऱ्याला विचारलं.

मारोतराव हातातलं पागोटं गुंडाळत राहिला. मनकर्णा निघाली तेव्हा तो मोटारीपर्यंत पोचवायला उठला होता, पण ओसरीच्या पायरीपर्यंतच आला.

दवाखान्यात आल्यावर तिने डॉक्टरांसमोर नाडीची वही उघडली, चार महिन्यांच्या आकड्यांवर तिरप्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेखाली सही केली. मग सुंदरबाईच्या खाटेशी जाऊन तिचं मनगट धरलं. पुरतं मिनिट मोजलं.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी स्वतः न मोजता आकडा लिहून घेतला. वही मिटताना त्यांना आठवलं.

"ते पहिलं घड्याळ तुमच्या भावानं आणलं होतं ना? इथंच देऊन गेला होता. त्याला सांगितलंत का, दुकानदारानं फसवलं म्हणून?"

मनकर्णा बाळंतिणीची चादर सारखी करत होती. ती पायथ्याशी नीट खोचून झाल्यावरच तिने वर पाहिलं.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "ते माझं मीच घेतलं होतं. पारख नव्हती मला."