खिडकीजवळची कॉट

तू फक्त ऐक, मधे 'मग काय, मग काय' करू नकोस, नाहीतर माझी गाडी रुळावरून घसरते.

आमची आत्या आठवते ना तुला? घरात सगळे जिला कॅप्टन म्हणतात ती. अगं थट्टेनं नाही, खरोखरची कॅप्टन होती, लष्करात नर्स होती, लढाईच्या काळात. अजून आमच्याकडे राहायला आली की माझ्या पलंगावरची चादर अशी खेचून बसवते की झोपताना पाकिटात कागद सरकवावा तसं आत सरकावं लागतं. बाबा तिचे धाकटे भाऊ, साठी उलटली त्यांची, पण ती खोलीत आली की अजून पटकन उठून उभे राहतात.

तर ते जुनं लष्करी हॉस्पिटल आहे ना, तिथल्या एका वॉर्डचं स्मारक झालंय, नर्सेसचं. आणि आलेल्या लोकांना फिरवून माहिती सांगायची नोकरी मला लागली. वशिला नाही हं, मुलाखतीत आत्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. स्मारकाच्या समितीचे साहेब, म्हणजे एक निवृत्त अधिकारी आहेत, त्यांना ते नंतर कळलं आणि ते एकदम खूश. म्हणाले, त्यांना घेऊनच या, कॉट कशा लावायच्या ते त्याच सांगतील.

मग नेलं मी तिला. लांबच लांब वॉर्ड, उंच छत, भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग, लोखंडी कॉट ताज्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये चकाकतायत. आत्या दारात थांबली आणि नुसता वास घेतला. म्हणाली, रंगाचा येतोय. बाकी कसलाच नाही.

साहेबांनी मला पाठ करायला जे लिहून दिलं होतं ते मी तिला म्हणून दाखवलं. त्यात मंद हास्य होतं, शीतल स्पर्श होता आणि दर दोन ओळींनी देवदूत. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "देवदूतांचे पाय सुजतात का गं?"

साहेब मोठ्यानं हसले. ती नाही हसली.

मग तिनं कॉट लावून घेतल्या. सिस्टरचं टेबल दाराजवळ, त्याला लागून ज्यांच्याकडे सारखं लक्ष ठेवायचं त्यांच्या कॉट, पुढे बरे होत चाललेल्यांच्या. आणि एक पार टोकाला, खिडकीजवळ, एकटीच, भोवती पडद्याचा दांडा. साहेब म्हणाले, वा, ही तर राजाची जागा. आत्या खिडकीची कडी नीट बसते का बघत राहिली.

मला राहवतंय होय? परत येताना बसस्टॉपवर मी तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलली. खिडकीजवळ कुणाला ठेवायचे, तर ज्यांच्यासाठी आता काही करण्यासारखं नाही त्यांना. जखमींचे ट्रकामागून ट्रक यायचे, रक्त पुरायचं नाही, डॉक्टर आत ऑपरेशनला अडकलेले. कोण टेबलाजवळ आणि कोण खिडकीकडे, ते सिस्टरनं दारातच, स्ट्रेचर खाली टेकायच्या आत ठरवायचं. पडदा कशाला, तर बाकीच्यांना दिसू नये म्हणून. जखमी पोरांना यातलं काही सांगायचं नाही हा दंडक. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं तीच सगळ्यात भारी जागा, हवा काय, उजेड काय. आणि ड्युटी संपली की कुणीतरी एकीनं तिथे स्टूल घेऊन बसायचं.

मग म्हणाली, त्यात एक होता. पोटात लागलेलं. तिनं बघितलं आणि बोट खिडकीकडे केलं. पण तो तगला ना. सकाळी पाणी मागितलं, मग चक्क थट्टा करायला लागला. म्हणे घरी आम्ही पाच भावंडं, मला कायम दाराशी झोपवायचे, येणारा-जाणारा ओलांडून जायचा, इथे पहिल्यांदा खिडकी मिळाली. आत्या धावत डॉक्टरांकडे गेली, माझं चुकलं, याला इकडे आणू या. पण तोवर टेबलाजवळच्या कॉट भरलेल्या. याला आणायचं म्हणजे तिथल्या कुणालातरी उचलून तिकडे न्यायचं.

"नाही नेलं मी कुणाला," ती म्हणाली. "मग तो गेला."

"वाचला असता?"

"तेच तर मला माहीत नाही ना."

बस आली, आम्ही चढलो, बसलो, आणि मग तिनं माझा हात धरला. अगं, आत्या कधी कुणाचा हात धरत नाही, नाडी बघायची असेल तरच. म्हणाली, इतकी वर्षं लोक मला फुलं देतात, आमच्या हसण्याबद्दल बोलतात. आम्ही तिथे उभ्या राहून काय ठरवत होतो ते कुणी विचारलं नाही. तू सांग.

मी म्हटलं सांगेन. हो म्हणायला काय जातंय.

आता ऐक. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शेवटची आवराआवर करतोय आणि एक बाई आल्या. पिकलेले केस, काखेत कापडाची गुंडाळी. म्हणाल्या, माझा भाऊ या वॉर्डात गेला. त्याच वॉर्डात असलेला त्याचा मित्र कुबड्यांवर आमच्या घरी येऊन सांगून गेला, की सगळे दाटीवाटीनं होते, पण सिस्टरनं त्याला खिडकीजवळची जागा दिली, वर पडदा लावून दिला आणि ड्युटी संपल्यावरही त्याच्याशेजारी बसायच्या. घरात पाच भावंडं, हा शेंडेफळ, दाराशी झोपायचा, खिडकीसाठी रोज भांडायचा. शेवटी त्याला खिडकी मिळाली, या एका वाक्यावर आई जगली आमची.

मी आत्याकडे बघायचंच टाळलं.

आणि ती गुंडाळी म्हणजे पडदा. त्यांनी स्वतः शिवलेला, बारीक निळ्या फुलांचा. साहेबांनी त्यांना परवानगीसुद्धा देऊन टाकली होती, आत्याबद्दलही सांगितलं होतं. बाईंनी आत्याला नीट निरखलं, वय बघितलं, आणि विचारलं, "सिस्टर, तुम्हीच दिली होतीत का त्याला ती जागा?"

"हो," आत्या म्हणाली. "मीच दिली."

त्यात एक अक्षर खोटं आहे का सांग.

मग दोघींनी मिळून तो पडदा लावला. त्या बाई स्टुलावर चढलेल्या, आत्या खालून एकेक रिंग हातात देतेय. मधेच त्यांनी विचारलं, तेव्हा रंग कुठला होता हो? आत्या म्हणाली, पांढरा. पण हा चांगला आहे.

त्या गेल्यावर मी आत्याला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, आता उद्या काय बोलू?

"ठरलंय ते."

"अगं, पण त्या असणार. त्यांना कळेल."

"कळेल."

"आणि तू?"

"मी तिथेच उभी असेन. पळून जायला गुडघे कुठे धड आहेत माझे."

दुसऱ्या दिवशी ही गर्दी. साहेब पहिल्या रांगेत, मी त्यांचं लिहिलेलंच बोलणार म्हणून आधीपासून मान डोलावतायत. त्या बाई थेट खिडकीपाशी, पडद्याची कड हातात धरून. आत्या पार मागे, दाराजवळ, टेबलाशी. मी टेबलापासून सुरुवात केली आणि देवदूत सगळे गाळले. ट्रक सांगितले, सुजलेले पाय सांगितले. सांगितलं, की कुणाला कुठे ठेवायचं ते आपल्याच वयाच्या मुली दारात उभ्या राहून ठरवायच्या, आणि बरोबर ठरवलं की चूक हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. साहेबांची मान डोलायची थांबली. इथपर्यंत झकास बोलले गं मी.

मग खिडकीपाशी आले. आणि त्या बाईच हसऱ्या तोंडानं म्हणाल्या, "मग इथे कुणाला ठेवायचे?"

त्यांना उत्तर माहीत होतं ना, त्यांच्यापुरतं. सगळ्यांनी ऐकावं म्हणून विचारत होत्या.

एवढ्या डोक्यांवरून मी आत्याकडे बघितलं. ती हात मागे बांधून ताठ उभी, सांग नाही की सांगू नको नाही. आणि मी म्हणाले, "ज्यांना एकटं सोडायचं नाही असं ठरलेलं असायचं, त्यांना."

त्यांनी शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं, ऐकलंत ना, म्हणून. डोळे पुसले. लोक पुढे सरकले.

सगळे पांगल्यावर आत्या खिडकीजवळ आली. त्या कॉटच्या चादरीचा कोपरा सुटला होता, तो तिनं ओढून घट्ट बसवला.

"खोटं नाही बोललीस," ती म्हणाली. मग दुसरा कोपरा बसवत, "मीही नव्हते बोलले."



आता मंगळवारी स्मारक बघणाऱ्यांची पुढची तुकडी येणार. त्या बाई नसतील, मला सगळं सांगता येईल. पण त्यांच्यासमोर एक आणि पाठीमागे एक, हे कसलं सांगणं? आणि त्यांनी साहेबांना सांगून ठेवलंय, पडदा धुवायला मीच येत जाईन म्हणून. म्हणजे एखाद्या दिवशी मी तोंड उघडेन तेव्हा त्या बाई स्टुलावर उभ्याही असतील, हातात रिंगा घेऊन. आणि मागे आत्या, जिला मी हो म्हटलंय.

तू असतीस त्या खिडकीपाशी, तर काय म्हणाली असतीस गं?