कन्हेरीच्या चौदा जणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लाल टोप आहे. ओतीव लोखंडाचा, बाहेरून लाल, आतून पांढऱ्या इनॅमलचा. माझ्या काठाचा नखाएवढा टवका उडाला आहे. बारामतीत भिगवण रस्त्यावर मोहित नावाच्या माणसाचं छोटं हॉटेल आहे, तिथे मी राहतो. टोपाच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नसतं. पण एका जेवणाची हकिकत मला सांगायची आहे, आणि त्यासाठी आधी मी इथे कसा आलो ते सांगायला हवं.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर घासलं, वर मुलामा चढवून भट्टीत भाजलं. आम्ही सहा टोप एकाच खोक्यातून बारामतीला आलो. मोहितने पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात सात वर्षं स्वयंपाकघरात काम केलं होतं. गावी येऊन त्याने स्वतःचं हॉटेल काढलं, तेव्हा इथे कुणाकडेच नसलेला पदार्थ ठेवायचा म्हणून त्याने फॉन्ड्यू ठेवला. फॉन्ड्यू म्हणजे मंद आचेवर वितळवलेलं चीज. टोप तिवईवर ठेवायचा, खाली स्पिरिटचा बारीक दिवा लावायचा. मग सगळ्यांनी भोवती बसून लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा आणि चीजमध्ये बुडवून खायचा.

पहिलं वर्ष आमचं कौतुकात गेलं. कॉलेजची मुलं यायची, आमचे फोटो काढायची. वाढदिवसाला आधी सांगून टोप राखून ठेवायला लावायची. सुप्याचा रणजित तेव्हापासून इथे आचारी आहे. तो आम्हाला कोमट पाण्याने धुऊन, पुसून, उलटे ठेवायचा.

मग चीज महागलं. भाव वाढवला तर गिऱ्हाईक येणार नाही, म्हणून मोहितने हलकं चीज आणायला सुरुवात केली. इथे त्याचं चुकलं. एका संध्याकाळी एका ऑफिसातली दहा माणसं जेवायला आली आणि माझ्यातलं चीज रबरासारखं ताणलं गेलं. माणसं पैसे देऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने इंटरनेटवर सगळं लिहिलं. मोहितने ते गल्ल्यावर बसून दोनदा वाचलं, पेन घेतलं आणि प्रत्येक मेनूकार्डावरच्या फॉन्ड्यूवर काट मारली.

त्यानंतर आम्हाला कुणी विचारलं नाही. दोघे जण इंदापूरच्या एका हॉटेलवाल्याने रस्सा वाढायला नेले. दोघांना मोठ्या गॅसवर डाळीच्या फोडणीसाठी वापरलं आणि तसेच तापलेले नळाखाली धरले. गार पाण्याने त्यांचा मुलामा तडकला, ते भंगारात गेले. माझा टवका त्याच काळातला. एक जण माळ्यावर गेला. मला गल्ल्यावर ठेवून माझ्यात बडीशेप भरली. बडीशेपेचं भांडं कुणी धूत नाही. वर्षभर मी तसाच चिकट बसून होतो.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी गल्ल्यावरचा फोन वाजला. जवळच्या कन्हेरी गावाहून स्वरूपा नावाची मुलगी बोलत होती.

"तुमच्याकडे फॉन्ड्यू मिळतो ना? फोटोत लाल टोप दिसतोय. चौदा जणी आहोत. तीनशेपर्यंत बसेल का माणशी?"

"फॉन्ड्यू बंद केलाय," मोहित म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवरून स्वरूपा आली आणि तिच्यामागे तिची आजी उतरली. लीलाबाई त्यांचं नाव. सत्तरीच्या, उंच, पदर खोचलेला. दोन्ही हातांची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बंद केलंय म्हनला व्हय? भांडं तर हितंच हाय की."

"भांडं आहे, आजी. पदार्थ नाही," मोहित म्हणाला.

मग स्वरूपाने सांगितलं. आजी तीस वर्षं गावातल्या डेअरीत दूध घालत होत्या. आता धार काढायला बोटं वळत नाहीत, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दोन गायी होत्या, त्याही येत्या सोमवारी इंदापूर तालुक्यातल्या भाचीकडे जाणार होत्या. डेअरीत दूध घालणाऱ्या बायका वर्षातून एकदा मिळून बाहेर जेवतात. या वर्षी त्यांनी ठरवलं, लीलाबाई म्हणतील तिथे जायचं. लीलाबाईंनी स्वरूपाच्या मोबाइलवर कधीतरी फॉन्ड्यू पाहिला होता. त्या म्हणाल्या, ते खायचं.

स्वरूपाने चार दिवस शोधलं होतं. पुण्यात एका ठिकाणी माणशी बाराशे सांगितले, एका ठिकाणी त्याहून जास्त. एका हॉटेलात म्हणाले, आमच्याकडे फॉन्ड्यू दोघांसाठीच देतो, चौदा माणसांना नाही. आणि पुण्याला जाऊन यायचं तर सकाळच्या धारा कोण काढणार?

"आजी, खरं सांगू का?" मोहित म्हणाला. "तीनशेत बसवायचं म्हणून मी मागे हलकं चीज घातलं होतं. लोकांनी नावं ठेवली. तुमच्या ताटात परत तसलं वाढायचं नाही मला."

लीलाबाई म्हणाल्या, "मी बी पानी घातलेलं दूध कुणाला दिलं न्हाय. तसलं नगंच. पर चांगलं घालून थोडं कर की. आमी काय पोतंभर खातोय? बरोबर भाकरी दे, बटाटं दे. तीनशेत जेवढं बसतं तेवढंच कर. न्हाय बसत तर तसं सांग, आमी मिसळ खाऊ. तीस वर्सं किटली भरून दूध घातलं, त्येचं फुडं काय हुतंय त्ये कदी बगितलं न्हाय. म्हून म्हनते."

मोहितने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उद्या फोन करतो म्हणाला. त्या गेल्यावर त्याने माझ्यातली बडीशेप कागदावर ओतली आणि मला आत नेलं. रणजितने मला बघितलं आणि पाणी कोमट करायला ठेवलं. एवढंच. पण त्याने मला तीनदा धुतलं.

त्या दुपारी दोघांनी थोडं चीज आणून करून बघितलं. तालुक्यातल्याच एका लहान कारखान्याचं साधं, चांगलं चीज होतं. पुण्याच्या हॉटेलात यात वाइन घालत. बायकांना ती चालणार नव्हती आणि परवडणारीही नव्हती. म्हणून दुधात थोडं कॉर्नफ्लॉर कालवलं आणि शेवटी लिंबू पिळलं. पावाबरोबर कडक भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, उकडलेले बटाटे, फ्लॉवर. मोहितने चाखलं, पुन्हा चाखलं आणि स्वरूपाला फोन लावला.

चौदा जणींना तीन टोप तरी हवे होते. एक माळ्यावरून आला. तिसऱ्यासाठी रणजित मोटारसायकलवर इंदापूरला गेला. तिथला हॉटेलवाला एकच द्यायला तयार झाला, तोही सकाळी परत करायच्या बोलीवर. माझा तो भाऊ रश्श्याने आतून पिवळा झाला होता. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण शेजारी ठेवले गेलो तेव्हा मला बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळचं दूध डेअरीत घालून साडेसातला चौदा जणी क्रूझर गाडीतून आल्या. दोन टेबलं जोडली होती. लीलाबाईंना मधे बसवलं. मोहितने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो दर दोन मिनिटांनी आत येऊन विचारत होता, "झालं का?"

त्याच घाईत गडबड झाली. पहिले दोन टोप नीट झाले. माझी पाळी आली तेव्हा रणजितने गॅस मोठा केला. माझ्यातलं चीज फुटलं. वर तेल तरंगायला लागलं आणि खाली गोळा बसला. मोहितचा चेहरा उतरला. तो मला उचलून मोरीत ओतणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"ओतू नगं, थांब."

लीलाबाई हात धुवायला म्हणून उठल्या होत्या. त्या आत आल्या आणि माझ्यात वाकून बघितलं. "जाळ केवढा लावलाय. एवढ्या जाळावर कायबी फुटंल."

रणजितने गॅस अगदी बारीक केला आणि लिंबू कापलं.

"लिंबू कशाला? लिंबानं नासतंय," लीलाबाई म्हणाल्या.

"दूध नासतंय, आज्जी. ह्ये त्यानं सावरतंय."

"असं व्हय? मग पिळ. पर हलवायचं थांबवू नगं. एकाच बाजूनं हलीव."

रणजितने लिंबू पिळलं, चमचाभर गरम दूध घातलं आणि लाकडी उलथन्याने हलवत राहिला. मोहित हातात फडकं घेऊन उभा होता. पाच-सहा मिनिटांत तेल हळूहळू आत जिरलं, गोळा सैल झाला आणि माझ्यातलं चीज सायीसारखं मऊ, चकचकीत झालं. लीलाबाई म्हणाल्या, "आलं," आणि बाहेर जाऊन बसल्या.

मला त्यांच्यासमोरच ठेवलं. तो बारीक काटा त्यांच्या बोटांत ठरेना. दोनदा भाकरीचा तुकडा चीजमध्ये पडला. स्वरूपा भरवायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी मान हलवली, काटा बाजूला ठेवला आणि भाकरीचा तुकडा हातानेच माझ्यात बुडवला. आमटीत बुडवतात तसा. मग डेअरीत दुधाचं माप घेणाऱ्या मनिषा नावाच्या बाईनेही काटा ठेवला.

"कसं लागतंय, आत्या?" तिने विचारलं.

लीलाबाईंनी सावकाश खाल्लं. "चांगलं हाय. मीठ जरा कमी चाललं आसतं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हंजी दुधाचं फुडं ह्ये हुतं."

तासाभरात तिन्ही टोप रिकामे झाले. बायका गायींच्या, सुनांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी बोलत होत्या. मोहित टेबल आवरायला आला. त्याने मला उचललं तशा लीलाबाई म्हणाल्या, "खरवड कुठं चालवलीस?"

दूध आटवलं की तळाला जी करपट, खमंग पापडी धरते, तिला खरवड म्हणतात. माझ्या तळालाही तशी सोनेरी पापडी धरली होती. ती दर वेळी धरायची. मुलं फोटो काढून निघून जायची आणि रणजित मला मोरीत भिजवून ती काढून टाकायचा.

मोहित मला धरून तसाच उभा राहिला. "ज्या देशात हा पदार्थ करतात ना, आजी, तिथे हीच पापडी शेवटी काढतात आणि वाटून खातात. मला ठाऊक होतं. मी कधी कुणाला दिली नाही."

त्याने लाकडी चमचा आणला आणि काठाकडून सुरुवात करून पापडी हळूच सोडवली. ती अख्खी निघाली. बशीत ठेवून त्याने लीलाबाईंसमोर धरली. त्यांनी सवयीने तिचे तुकडे करायला घेतले. एक स्वरूपाकडे, एक मनिषाकडे, एक रणजितला बोलावून त्याच्या हातावर. बशी रिकामी होत आली.

"आजी, तुम्ही घ्या की," मोहित म्हणाला.

"मी खरवड कदी खाल्ली न्हाय. घरात पोरं आसायची."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मोहितने बशीतला उरलेला तुकडा उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून त्याने खालून आपला हात धरला. लीलाबाईंनी तो तुकडा तोंडात टाकला आणि शेवटपर्यंत चावला.

"ह्ये मगाचच्यापेक्षा बरं हाय," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांच्या गायी गेल्या, असं स्वरूपाने नंतर फोनवर सांगितलं. इंदापूरचा माझा भाऊ परत गेला. मोहितने मेनूकार्डं नवी छापली आहेत. भाकरीबरोबरचा फॉन्ड्यू, दहा माणसांच्या पुढे असाल तर दोन दिवस आधी कळवा, असं त्यावर लिहिलं आहे. महिन्यातून तीन-चार वेळा मी तिवईवर चढतो. फायदा थोडा होतो, पण तोटा होत नाही. बडीशेपेला आता स्टीलचं भांडं आहे.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. तापलेल्या टोपावर गार पाणी ओतू नका, तो वरून दिसत नाही असा आतून तडकतो. लोखंडी चमच्याने त्याचा तळ खरवडू नका. आणि तळाची पापडी काढाल तेव्हा जेवणाऱ्यांकडे एकदा नजर टाका. ज्या बाईने आजवर नुसतं वाढलंच असेल, तिचा हात पुढे येणार नाही. तिला आधी द्या.