गोमाईतला झिरा

पितांबर शहाद्याला सातवीपर्यंत शिकला आणि घरच्या कपाशीत रमला, तरी त्याचं एक मन गावाच्या पायविहिरीत अडकलेलं होतं. त्याची आई दगूबाई दर उन्हाळ्यात नारूनं अंथरुणाला खिळायची. घोट्याजवळ फोड यायचा, तो फुटला की पांढरा दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर निघायचा, आणि तो काडीवर गुंडाळताना तिचं विव्हळणं शेजारच्या घरापर्यंत जायचं. गावात घरटी एक तरी असा माणूस होता. सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराला देवी टोचायला आलेल्या डॉक्टरनं पितांबरला सांगितलं की नारू पाण्यातून येतो. फुटलेला पाय घेऊन माणसं पायऱ्या उतरतात, पाण्यात उभी राहतात, आणि तेच पाणी गाव पितं. पायऱ्या बंद करा, वरून दोरानं पाणी काढा, नारू जाईल.

पितांबरनं आळीतली तरणी पोरं गोळा केली. चुनीलाल आणि दोधू पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत होते. त्यांनी मंडळ काढलं, शहाद्याच्या बाजारातून फावडी आणि टिकाव आणले, आधी गल्ल्यांमधले उकिरडे गावाबाहेर नेले. थोरांनी पहिल्यांदा चेष्टा केली. मग गल्ल्या खरंच स्वच्छ दिसायला लागल्या तशी चेष्टा थांबली, आणि पायविहिरीचा विषय काढायला पोरांना जोर आला.

बैठक मारुतीच्या पारावर भरली. सुकलालबाबा गावातले सगळ्यात वजनदार शेतकरी. त्यांनी पायऱ्या बुजवायला मान्यता दिली, वर लोखंडी चाकं बसवायचंही ठरलं. तेवढ्यात चुनीलालनं विचारलं,

"भिलाटीना लोके पानी कोठून भरतीन?"

गावाबाहेरच्या भिलाटीतली माणसं विहिरीच्या उत्तरेकडच्या एका कोपऱ्यातून पाणी घ्यायची. तो कोपरा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेला होता. पायऱ्या गेल्या की कोपराही जाणार होता. सुकलालबाबांनी स्पष्ट सांगून टाकलं की गावाच्या चाकाला आणि दोराला भिलांचा हात लागणार नाही. लागणार असेल तर काम इथंच थांबवा.

सगळे पितांबरकडे बघायला लागले. त्याच्या डोळ्यांपुढे आईचा पाय होता. एवढ्या खटपटीनं जमून आलेलं काम मोडेल अशी त्याला भीती वाटली.

"पहिले गावनं काम व्हवू द्या," तो म्हणाला. "त्यासनं मांगून दखसूत."

भिलाटीचं नंतर बघायचं ठरलं. काम सुरू झालं.

महिनाभरात पोरांनी दगड-चुन्यानं पायऱ्या बुजवल्या. चाकं बसली. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी पितांबरच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात नारूची माणसं कमी झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दगूबाईच्या पायाला फोडच आला नाही. ती गावभर पाय दाखवत फिरली.

भिलाटीच्या बाया सुरुवातीला विहिरीजवळ येऊन थांबायच्या. कुणीतरी एखादी घागर ओढून लांबून त्यांच्या हंड्यात ओतायचं. पण रोज कोण ओतणार? हळूहळू बायांनी येणं सोडलं. त्या गोमाई नदीच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरू लागल्या. पावसाळ्यात, हिवाळ्यात हातभर उकरलं की पाणी लागायचं. उन्हाळ्यात खड्डा खोल खोल जायचा.

आमशा हा पितांबरच्या घरचा सालदार, भिलाटीतलाच. त्यानं लहानपणी पितांबरला खांद्यावर बसवून शेतातून फिरवलं होतं. त्याची पोरगी रेवा, दहा-अकरा वर्षांची, बापाची भाकर घेऊन शेतात यायची आणि परत जाताना डोक्यावर हंडा घेऊन नदीकडे वळायची. पितांबर तिला रोज बघत होता. कापूस वेचून झाला की भिलाटीचं बघू, असं तो मनाशी म्हणायचा. कापूस झाला की गहू यायचा. आमशानं पाण्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही, म्हणून पितांबरला वाटलं की चाललंय त्यांचं बरं.

अशाच एका वैशाखातली दुपारची वेळ होती. दोधू धावत शेतात आला आणि म्हणाला की नदीत झिरा ढासळला, आत पोरगी आहे. पितांबरनं मंडळाची फावडी उचलायला सांगितली आणि पळत सुटला. झिरा माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेला होता. रेवा वाटीनं पाणी भरायला आत उतरली होती. पोरांनी वाळू उपसली. उपसली तेवढी परत घसरत होती. पितांबरनं फावडं टाकून हातांनी उकरलं. तिचे केस लागले, मग खांदा. तिला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तिची आई तुळशीबाई वाळूतच बसून राहिली. आमशानं पोरीच्या तोंडातली वाळू बोटानं काढली, तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. पोरं फावडी गोळा करायला लागली तेव्हा तो पितांबरकडे न बघता म्हणाला,

"एक फावडं ऱ्हाऊ दे. आमले लागी."

गावात पितांबरला कुणी बोल लावला नाही. वाळू ढासळली, त्यात तुझा काय दोष, अशी जो तो समजूत काढायचा. ती समजूत त्याला सोसेना. घरात दगूबाई चुलीपुढे बसून होती. पोराचं जेवण होईना तशी ती म्हणाली,

"मन्हा पाय बरा व्हयी गया म्हनीसन मी बठ्ठा गावमा सांगत फिरनू. आते तो पाय दखाले बी नको वाटस."

तो सुकलालबाबांकडे गेला. एक चाक भिलाटीसाठी द्या म्हणून त्यानं विनवलं. बाबांनी हळहळ केली, पण चाक दिलं नाही. मग त्यानं मंडळापुढे विषय मांडला की भिलाटीत विहीर खोदायची. बरीच पोरं बापाच्या भीतीनं पांगली. चुनीलाल, दोधू आणि आणखी दोघं-तिघं उरले.

जागा विचारायला पितांबर आमशाच्या झोपडीपुढे गेला. आमशानं त्याच्याकडचं काम रेवा गेली तेव्हाच सोडलं होतं. तो बाजेचे दोर आवळत बसला होता. पितांबरनं विहिरीचं सांगितलं, आणि ते सांगता सांगता बैठकीत आपण काय बोललो तेही सांगून टाकलं. बैठकीला भिलाटीतलं कुणी नव्हतं. त्याला वाटलं होतं, हे ऐकून आमशा चिडेल.

"माले मालूम शे," आमशा म्हणाला. "चुनीलालनी तधळच सांगं व्हतं. तू मांगून दखसूत बोलना व्हता. मी तुन्ही वाट दखत व्हतू."

पितांबरला मान वर करता येईना. आमशानं बाजेचा दोर ओढून गाठ मारली आणि तो म्हणाला, "खंदा. पानी ते लागसच. आमना पोरे येतीन. मी नही येवाव."

भिलाटीतला जालमसिंग नावाचा तरणा गडी आपल्या सोबत्यांना घेऊन आला. चिंचेजवळ खोदायला सुरुवात झाली. पावसाळ्यात काम थांबलं, दसऱ्यानंतर पुन्हा धरलं. खाली खडक लागला. दिवसभर शेतात राबून उरल्या उजेडात पोरं सब्बल मारायची. आधी दोन्हीकडची पोरं वेगवेगळी बसून भाकरी खायची. खडक फोडता फोडता कधीतरी ती एकत्र बसू लागली. चुनीलालला त्याच्या बापानं त्यापायी वेगळं ताट दिलं, तरी तो यायचा थांबला नाही. पितांबर मात्र कुणाजवळ बसत नसे. तो खालीच असायचा.

माघात पाणी लागलं. खडकाच्या भेगेतून ते आलं तेव्हा पितांबर आणि जालमसिंग तळाशी होते. वर पोरांनी ओरडा केला. जालमसिंगनं ओंजळ भरून पितांबरपुढे धरली. पितांबर ते पाणी प्यायला, पण त्याला ते गोड लागलं नाही.

तो वर आला तेव्हा बाया हंडे घेऊन येत होत्या. तुळशीबाई सगळ्यांच्या मागे होती. आपण समोर असलो तर ती पाणी न घेताच परत फिरेल असं त्याला वाटलं. म्हणून तो चिखलानं भरलेले हात तसेच घेऊन बांधापलीकडे उतरला आणि तिचा हंडा भरून होईपर्यंत कपाशीच्या पळाट्यांआड बसून राहिला.