पाण्याला पाप नसतं

निळी काचेची गोटी. चढावर पळते.

चपलांचा ढीग. त्यात एक जोडी नव्या बुटांची. ओळख पटावी म्हणून मालकानं लाल दोरा बांधलाय.

रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं सहज मान वर केली, "चौथ्या मजल्याची भिंत बोटभर बाहेर आलीय," म्हणाला आणि पुढे गेला. मोजली. बोटभरच निघाली.

औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, अर्ध्याहून जास्त भरलेलं, कपाटामागे.

"पाण्याला पाप नसतं! म्हणून ते चढून माझ्याकडे येतं. तुम्हाला पाप आहे, म्हणून तुम्ही मागे कलता!"

इस्त्रीच्या टोकाचा डाग. डाव्या हातावर, कोपराच्या खाली.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. गवंड्यालाही तसंच वाटायचं. निदान वाटून घ्यायला त्याला आवडलं असतं.

लाकडाच्या बंद पडलेल्या वखारीत समतोल बाबा येऊन उतरला तेव्हापासून त्या रस्त्यावर सायकल काढायची सोय राहिली नव्हती. सकाळी दुकानं उघडायच्या आत रांग वखारीच्या कोपऱ्यावरून वळलेली असे. आत काय होतं? वखारीच्या पोटात फळ्यांची एक लांबलचक खोली बांधली होती. तिच्यात जायला अंधारा, वळणावळणाचा बोळ. बोळातून बाहेर पडलं की समोर उजेड, गुळगुळीत जमीन, भिंतींवर आडव्या पट्ट्या, छताला साखळीचा दिवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाबा. भिंतीच्या कडेनं लाकडी पन्हळ होतं, बाबाच्या दिशेनं चढत गेलेलं. चढ डोळ्यांना स्पष्ट दिसायचा. भक्तानं खालच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी क्षणभर थबकायचं आणि सुळसुळ वर चढत बाबाच्या पायाशी जायचं. एखाद्या पोरानं पन्हळात सोडलेली निळी गोटीही तशीच वर पळायची.

आणि माणसं? माणसं उभी राहिली की मागे कललेली दिसायची. ओळीनं सगळी, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखी. डोकं गरगरायचं, पोटात ढवळायचं.

"ढवळतंय ना? ढवळू दे!" बाबा गरजायचा. "वर्षानुवर्षांचा गाळ आहे, पळीभर पाण्यानं थोडाच जातो!"

पहिल्याच आठवड्यात चहावाल्यानं शंका काढली होती. "बाबा, राग मानू नका, पण जमीनच तिरकी असली तर?"

बाबा हसला. "शंका चांगली! मग असा माणूस बोलवा, ज्याच्या डोळ्यावर तुमचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे."

सगळ्यांच्या माना एकदम गवंड्याकडे वळल्या. त्याला सगळे 'ओळंबा' म्हणायचे. भिंत उभी आहे की नाही हे इतर गवंडी ओळंब्यानं, म्हणजे वजन बांधलेल्या दोरीनं तपासतात. हा रस्त्यानं जाता जाता नुसत्या नजरेनं सांगायचा. गेल्या कित्येक वर्षांत त्याची नजर चुकली नव्हती, आणि हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

तो पुढे झाला. एक डोळा मिटला. भिंत बघितली, जमीन बघितली. मग पिशवीतून गुण्या, म्हणजे काटकोनाची लोखंडी पट्टी काढली आणि भिंत जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात बसवली. केसाचीही फट नाही. चारही कोपरे तसेच.

"दोरी लावून बघतोस का एकदा?" चहावाला म्हणाला.

"मला दोरी लावायला सांगतोस?" गवंडी म्हणाला. "अरे, लोक मला काय म्हणतात ते ठाऊक आहे ना?"

हशा पिकला. हशा ओसरल्यावर गवंड्यानं जाहीर केलं, "खोली काटकोनात आहे. जमीन सरळ आहे."

दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली. बाबा प्रत्येक बैठकीत सांगू लागला, "मी नाही म्हणत, तुमचा ओळंबाच म्हणतो!" ते ऐकायला गवंडी अधूनमधून कामावरून लवकर निघायचा, नवे बूट घालून, आणि दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात ते हरवू नयेत म्हणून त्यांना लाल दोरा बांधून.

त्याच्या थोरल्या बहिणीला चक्कर येण्याचा आजार होता. शिवणकाम करायची, एकटी राहायची. कानाच्या आतल्या बाजूचा दोष आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि रोजच्या गोळ्यांवर तिचं व्यवस्थित चाललं होतं. बाबानं तिला सांगितलं, गोळ्या पापाला झोपवून ठेवतात, बाहेर पडू देत नाहीत. ती सरळ भावाकडे आली.

"मला त्या बाबाचं काही सांगू नकोस. तू सांग. खरं आहे?"

"ताई, मी स्वतः गुण्या लावून बघितलंय."

"मग झालं," ती म्हणाली. गोळ्यांचं पाकीट तिनं कपाटावर फेकलं. ते मागे पडलं. काढायची गरज दोघांनाही वाटली नाही.

काही आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या झग्याला इस्त्री करताना तिच्याभोवती खोली फिरली. ती पडली, आणि इस्त्री तिच्या हातावर पडली. शेजारीण दार ढकलून आत येईपर्यंत ती तशीच पडून होती.

गवंडी बघायला गेला तेव्हा त्यानं फळं नेली आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "गुण यायला वेळ लागतो, असं बाबा म्हणतात."

तिच्या हाताला पट्टी होती. ती म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी खोली खच्चून भरली होती. बाबाची बडबड सुरू झाली, पन्हळातून पाणी चढायला लागलं, लोक मागे कलले. ताईला भोवळ आली. मशीनवर बसल्या बसल्या अशी भोवळ आली की तिची एक सवय होती: डोळे मिटायचे आणि पाय पायडलवर घट्ट रोवायचे. इथं पायडल नव्हतं. तिनं पाय जमिनीवर रोवले, डोळे मिटले.

भोवळ थांबली.

तिनं डोळे उघडले. खोली फिरली. मिटले. थांबली. मिटल्या डोळ्यांनी तिनं भावाची बाही ओढली.

"अरे, उतार आहे इथं. सगळं वजन चवड्यांवर येतंय. जिना उतरताना येतं तसं."

"ताई, हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू देत की. तू मीट डोळे."

त्यानं मिटले. आणि त्याच्या पायांना कळलं. इतकं साफ कळलं की त्याचे कान तापले. ही जमीन पहिल्या दिवशीही अशीच होती. पाय तेव्हाही त्याचेच होते.

"चल, बाहेर जाऊ," तो पुटपुटला. "मागाहून सांगू कुणाला तरी."

"कुणाला?" तिनं पट्टीचा हात त्याच्यापुढे धरला. "मी बाबाच्या शब्दावर गोळ्या सोडल्या नाहीत रे."

मग तिनं पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं आणि कात्री काढली. त्यानं दोरा कात्रीच्या कडीत ओवला. गाठ तिनं मारली. भिंतीजवळ त्यानं दोरा उंच धरला. कात्री झुलली, स्थिरावली. फळ्यांच्या उभ्या सांध्यापासून दोरा फटकून दूर गेला होता, जसे लोक फटकून मागे कलले होते.

बाबा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "बघा, बघा! कात्रीलाही पाप! किती कापडांचे गळे कापले असतील!"

काही जण हसलेसुद्धा. ताईनं दोरे तोडून वाटायला सुरुवात केली. चहावाल्यानं चमचा बांधला, एका आजोबांनी चष्मा, कुणी किल्ली, कुणी चक्क गळ्यातली शिटी. सगळे दोरे एकाच बाजूला, एकमेकांना समांतर.

"चमचा पापी, चष्मा पापी, शिटीही पापी," ताई म्हणाली. "आणि सगळ्यांचं पाप अगदी सारख्याच मापाचं? कमाल आहे, बाबा!"

चहावाल्यानं छताचा दिवा धरून हलवला. हलला नाही. साखळी नव्हतीच, साखळीसारखा रंगवलेला लोखंडी गज होता, तिरका ठोकलेला.

सगळे गवंड्याकडे बघत होते. त्यानं खाली बघितलं, मग वर बघितलं.

"मी गुण्या लावला होता," तो म्हणाला. "भिंत आणि जमीन एकमेकींशी काटकोनात आहेत, एवढंच गुण्या सांगतो. दोघी मिळून कलल्या तर त्याला कळत नाही. दोरीला कळलं असतं. मी लावली नाही. मला लाज... मला मोठेपणा वाटला." एक बाई रडत म्हणाली, "माझ्या नवऱ्याचंही औषध बंद आहे रे," आणि पळतच बाहेर गेली.

त्या गडबडीत बाबा मागच्या दारानं निसटला. तेही दार तिरकं होतं. घाईत कपाळ चौकटीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

लोकांनी फळ्या उचकटल्या. खाली तुळया आणि पाचरी. अख्खी खोली, भिंतीछतासकट, बाबाच्या टोकाला गुडघाभर खाली कलवली होती. पन्हळ जमिनीच्या मानानं वीतभर चढत होतं, पण जमीन त्याहून जास्त उतरत होती. म्हणजे पाणी कधी चढलंच नव्हतं. ते आपलं रोजचं काम करत होतं, उतरत होतं. बोळातली वळणं बाहेरची खरी आडवी रेघ विसरायला लावण्यासाठी. आणि भोवळ? डोळे एक सांगतात, कान आणि पाय दुसरं. भांडण डोक्यात होतं, नाव पापाचं.

तेव्हा एवढं लक्षात असू द्या: आडवं म्हणजे जमिनीसारखं नव्हे, साचलेल्या पाण्यासारखं. उभं म्हणजे भिंतीसारखं नव्हे, लटकलेल्या दोऱ्यासारखं. हातभर दोरा कुणाच्याही घरात असतो. कुणी कितीही मोठा असो, 'माझा डोळा पुरे' म्हणाला तरी दोरा लावा. रागावला तर रागावू द्या.

ताईच्या गोळ्या सुरू झाल्या. तिनं भावाला एकदाही ऐकवलं नाही. गिऱ्हाईक आलं की मात्र ती डाव्या हाताची बाही खाली ओढून घेते, आणि तेव्हा तो समोर असला तर उठून बाहेर जातो.

खोली उघडली त्या पहिल्याच दिवशी, नुकतंच चालायला लागलेलं एक लेकरू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच मटकन खाली बसलं होतं आणि काही केल्या उठत नव्हतं. रांग अडली म्हणून त्याला उचलून बाहेर ठेवणारा गवंडीच होता.