उज्वलाच्या हातातला टाळ

मित्रांनो, मी काशाचा एक जुना टाळ आहे. नाशिकच्या एका ओताऱ्याने तांबे आणि कथील वितळवून मला आणि माझ्या जोडीदाराला घडवले. सायखेड्याच्या भजनी मंडळात मी उज्वलाच्या उजव्या हातात असे. कीर्तनात बुवांनी अभंग उचलला की ती असा ठेका धरी, की मृदंगावरच्या कारभारीअण्णांची मान आपोआप डोले. हरिनामापायी झिजावे, याहून धातूचे भाग्य ते कोणते?

१९९८च्या सप्ताहात मागच्या ठमाबाई म्हणाल्या, “उज्वले, सरक गं थोडी. तुझ्याआड बुवाच दिसंनात!”

बाया हसल्या. उज्वलाही हसली. तिची पकड मात्र घट्ट झाली. ते मलाच कळले.

मग तिने बाजारातून चरबी उतरवणारे चूर्ण आणले. डब्यावर पानाफुलांची चित्रे आणि ‘निव्वळ वनस्पती, अपाय नाही’ अशी ग्वाही. चार महिन्यांत ती वाळली. सगळ्यांनी वाखाणले. पोटात कळा येत, हे तिने कुणाला सांगितले नाही.

पुढच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, ऐन रंगात, तिचे मनगट लुळे पडले आणि मी फरशीवर आपटलो. काठाचा टवका उडाला.

“जेवण सोडलंस, आता टाळ बी सोडला का गं?” ठमाबाई बोलून गेल्या. पण पंजा वर येईना, हे पाहून त्याच तिला तशीच नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी पिशवीत होतो.

“काही औषध चालू आहे?” डॉक्टरांनी विचारले.

“नाय.”

“अगं, ते चूर्ण?” ठमाबाई म्हणाल्या.

“ते औषध कुठं? झाडपाला हाय तो.”

रक्त तपासले, डबाही तपासला. दोन्हींत शिसे निघाले. त्या विषारी धातूनेच तिचे मनगट लुळे पाडले होते.

“टाळ धरता येईल ना पुन्हा?” उज्वलाने एवढेच विचारले.

“चूर्ण आजपासून बंद. मग बघू.”

औषधपाणी बरेच महिने चालले. तोवर कीर्तनात ठमाबाई तिचे मनगट आपल्या तळव्यावर तोलून धरत. दोघींचा मिळून एक ठेका. त्यापुढच्या सप्ताहात उज्वला म्हणाली, “मावशी, आता सोडा.” तिने मला एकटीने उचलले. टवक्यामुळे माझा नाद जरा फुटतो, तरी तिचा ठेका ऐकून बुवांनी कौतुकाने वळून पाहिले.

मित्रांनो, आम्हा धातूंची जागा हातात, पोटात नव्हे. झाडपाला म्हणून काहीबाही गिळू नका. गिळलेच तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि कुणाला ‘सरक’ म्हणावेसे वाटले, तर आधी आपणच सरकून पाहा. ठमाबाई आता तसेच करतात. त्यांना बुवा छान दिसतात.