खंडेनवमीचा पत्रा

खोटं बोलणाऱ्या माणसांचं यास्मिनला फारसं भय नव्हतं. एकही चूक नसलेला अहवाल दिसला, की मात्र ती सावध व्हायची. समोर नेमका तसलाच पडला होता. दसऱ्याआधीच्या साठ फेऱ्यांत एकोणीस चुका, दसऱ्यानंतरच्या साठांत एकही नाही.

चाकणची ही कंपनी माणसाविना चालणारं जहाज बनवत होती. समुद्र इथून चार-पाच तासांवर. म्हणून जहाजाचा छोटा नमुना मोशीतल्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात फिरवायचा आणि त्याच्या वाटेत एक रिकामी लाकडी होडी बांधायची. नमुन्याने ती स्वतःहून ओळखून वळायला हवं. अशा जहाजांचे नियम अजून शिजतच होते, तोवर सगळी भिस्त सुरक्षा अभियंत्याच्या सहीवर. ती सही यास्मिनची, आणि करायची होती उद्या. पुढच्या महिन्यात खरं जहाज हर्णैच्या समुद्रात उतरणार होतं. त्याच समुद्रात तिचा रिझवानमामू रोज होडी घेऊन जातो.

"संघर्ष, प्रोग्रॅम कधी बदललास?" तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"बदललाच नाही."

"मग चुका गेल्या कुठे?"

"खाणीत बुडाल्या असतील," तो हसला.

"आकडे तू भरतोस."

त्याचं हसू विरलं. चार वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते. "मी आकडे रंगवले, असंच म्हणायचंय ना तुला?"

"मारुतरावांनी सांगितलं असेल तर..."

मारुतराव म्हणजे कंपनीचे मालक. संघर्षने गाडीची किल्ली उचलली. "चल मोशीला. डोळ्यांनी बघ आणि मग काय ते बोल."

खाणीवर धोंडीबा होता. गावातला जुना माणूस, राखणदार म्हणा की होडीचा सांभाळकर्ता म्हणा, सगळं तोच. यास्मिनने होडी निरखली. नमुना येतो त्या बाजूला चकचकीत स्टीलचा पत्रा ठोकलेला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि वाळलेला झेंडू.

"धोंडीबाकाका, हे काय?"

"खंडेनवमीला ठोकला," तो कौतुकाने म्हणाला. "कंपनीत समद्या मशिनींची पूजा झाली, मंग हिनंच काय घोडं मारलंय? बिचारी रोज समोर उभी ऱ्हाती. फळी कुजत आली व्हती, म्हणून चांगला जाड पत्रा लावला."

यास्मिनला कोडं उलगडलं. ऊन पाण्यावर चमकलं की कॅमेरा चकायचा, मग नमुना रडारवर चालायचा. लाकूड रडारला जेमतेम दिसतं, स्टील लख्ख दिसतं. म्हातारा भक्तिभावाने पूजा करून बसला होता आणि चुका पुसल्या गेल्या होत्या. कुणीच लबाडी केली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"संघर्ष, चुकलं माझं."

"डबा तुझ्याकडून, आठवडाभर," तो म्हणाला, पण चेहरा अजून उतरलेलाच होता.

तिने हर्णैला फोन लावला. "मामू, तुझ्या होडीवर लोखंड किती?"

"लोखंड?" मामू खो खो हसला. "पाण्यात इंजिन हाय, नि वर भाकरीचा तवा. का गो, भंगारवाली झालीस?"

पत्रा काढायचा म्हटल्यावर धोंडीबा कुरकुरला, "पूजलेली वस्तू हाय, पोरी." पण तिचा चेहरा बघून त्यानेच हातोडी आणली. उन्हात नमुना निघाला. वळायची जागा आली तरी वळला नाही. सरळ आला आणि होडीच्या कुशीत घुसला. कुजकी फळी कडाडली, होडी कलंडली. आत कुणी नव्हतं, तरीही यास्मिनच्या तोंडून "मामू!" निघालं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मारुतराव. चाकणच्या पडद्यावर त्यांना फेरी दिसत होती. संघर्षनेही ऐकावं म्हणून तिने स्पीकर लावला.

"पत्रा कुणी काढला?"

हा पहिलाच प्रश्न. होडी का फुटली, कुणाला लागलं का, काही नाही. पत्र्याविषयी त्या दोघांनी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. धोंडीबाचा भाबडेपणा कुणाच्या तरी केव्हाच लक्षात आला होता, आणि त्या कुणाला तरी तो सोयीचा वाटला होता.

"मी काढला, साहेब," यास्मिन म्हणाली. "मामूच्या होडीला पत्रा नसतो."

"परत ठोकायला सांग. उद्या सही झाली की निवांत बोलू." फोन बंद झाला.

धोंडीबाने पत्रा उचलला, त्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तो तिच्या हातात दिला.

"म्या न्हाई ठोकत," तो म्हणाला. "उद्या ह्यो घिऊन जा. सहीच्या जागी ठिव."